चिंध्यांची बॅग

सुगंधानं बॅगेवर बोटांच्या सांध्यांनी ठोकून पाहिलं आणि कान जवळ नेला.

"आई, फणस आहे काय तो?" लवू दबक्या आवाजात म्हणाला.

"आतसून भरलेला आसा काय पोकळ, ता असाच कळता," असं म्हणून तिनं खालच्या अंगाला पुन्हा एकदा ठोकलं.

घाटकोपर स्टेशनाबाहेरच्या खेळाच्या सामानाच्या त्या दुकानात छताला दोन पंचिंग बॅगा टांगल्या होत्या. एक लाल चामड्याची, नव्या बुटासारखी चकाकणारी. दुसरी जाड हिरव्या कापडाची. दुकानदार गल्ल्यावर रेलून माय-लेकांची गंमत बघत होता.

"मावशी, ठोकून काय बघता? एक ठोसा मारून बघा की. फुकट आहे."

"मी मारला तर तुझा छप्पर खाली येतला," सुगंधा म्हणाली, आणि दुकानदार मनापासून हसला.

लवूनं लाल बॅगेला लावलेली किमतीची चिठ्ठी उलटून वाचली आणि होती तशी परत वळवून ठेवली. मग तो हिरव्या बॅगेकडे गेला. तिच्यात त्यानं अंगठा रुतवायचा प्रयत्न केला. अंगठा रुतला नाही.

"वाळू आहे का आत?"

"एकदम बारीक, चाळलेली. ही घेऊन जा, परवडेल तुला."

लवूचा डावा हात आपोआप उजव्या मनगटाभोवती गेला. सुगंधानं ते पाहिलं. गेल्या वर्षी त्यानं मित्राच्या घरी वाळूच्या पोत्यावर सराव केला होता. मनगट असं सुजलं, की रेल्वेच्या खेळाडू भरतीच्या चाचणीला तो हात गळ्यात बांधून नुसता बघत उभा राहिला. यंदाची चाचणी दिवाळीनंतर होती. ती जमली तर कायमची नोकरी. नाहीतर मरोळच्या कारखान्यातलं पत्रा कापायचं प्रेस मशीन होतंच, आणि हंगामी कामगार म्हणून अधूनमधून कामावरून मिळणारा ब्रेकही.

"येतो शेठ, विचार करून," लवू म्हणाला.

दुकानाबाहेर आल्यावर सुगंधानं विचारलं, "शिवदासभाऊंच्या हॉलात आसा ना एक? मग घराक कित्याक होयी?"

"मी मरोळहून येतो तेव्हा हॉल बंद झालेला असतो. रविवारी एक दिवस मिळतो, त्यात पण लायनीत उभं राहायचं. घरी असली तर सकाळी कामाला जायच्या आधी होईल." थोडं चालल्यावर तो म्हणाला, "जाऊ दे. बघू."

त्याचं 'जाऊ दे' सुगंधाला आवडलं नाही. त्याचा बापही हल्ली तेवढंच म्हणायचा.

*

शिवदास रेल्वेच्या कारशेडमध्ये कामाला होता. तरुणपणी तो रेल्वेकडून बॉक्सिंग खेळला होता, आणि आता विक्रोळीत विहाराच्या मागच्या हॉलमध्ये मुलांना शिकवायचा, पैसे न घेता. रविवारी सकाळी माय-लेक तिथं पोचले तेव्हा तो गुडघ्यांवर बसला होता, आणि त्याच्या उघड्या तळहातांवर एक अगदी लहान मुलगा डोळे घट्ट मिटून ठोसे मारत होता.

"डोळे मिटून मारलंस तर हात कुठं पडला ते तुला कोण सांगणार? मी?"

मुलानं एक डोळा उघडला.

"दुसरा पण उघड. तो काय झोपलाय?"

मुलं खिदळली. शिवदासनं तळहात पुन्हा पुढे केले, आणि त्या पोराचा एक ठोसा नीट बसेपर्यंत तो तसाच गुडघ्यांवर राहिला. मग उठून लवूकडे आला. त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि त्याला हॉलमधल्या जुन्या बॅगेपाशी नेलं.

"दाब. अंगठा आत गेला? आता काढ. बघ, खड्डा हळूहळू भरून येतोय. अशी पाहिजे. बॅग आपल्याला काय शिकवते, तर आपला हात कसा पडला ते. वाळू काही शिकवत नाही रे, ती नुसती शिक्षा करते."

"पण सर, ती चामड्याची..."

"चामडं कशाला? कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिलिटरीची किटबॅग मिळते. दणकट कॅनव्हास, तोंडाला दोरी ओवायला भोकं. तिच्यात चिंध्या भरायच्या. भुसा नको, उंदीर येतात. कपड्यांची बटणं काढायची, नाहीतर हाताला लागतात. थोडं भरायचं, कुटायचं, परत भरायचं." मग तो सुगंधाकडे वळला. "वहिनी, घरात मुसळ आहे ना?"

"मालवणाकडच्यांच्या घरात मुसळ नसात काय?" सुगंधा म्हणाली. आल्यापासून पहिल्यांदाच ती निवांत झाल्यासारखी दिसली.

*

किटबॅग आणली, पण ती भरायला जेवढ्या चिंध्या लागतात तेवढ्या एका घरात नसतात. त्यांच्या चाळीच्या दोन्ही मजल्यांवर सुगंधा फिरली. लवूच्या नोकरीचं काम म्हटल्यावर कुणी नाही म्हणालं नाही. वरच्या मजल्यावरच्या जानकी आजीनं विरलेलं लुगडं दिलं. शेजारच्या रत्नप्रभानं मुलाची आखूड झालेली झबली, चादर, दोन फाटके परकर दिले. कोपऱ्यातल्या खोलीतल्या नानांनी लेंगा दिला. सगळा ढीग गॅलरीत पडला, आणि बायका बटणं उसवत बसल्या.

"काकू, गुणाजीकाकांचे मिलचे कपडे आहेत ना ट्रंकेत?" रत्नप्रभानं सहज विचारलं. "जाड कापड असतं ते. चांगलं भरेल."

"ता ऱ्हवांदे," सुगंधा म्हणाली, आणि लगेच, "ह्या परकराची नाडी काढलंस काय गो?"

गुणाजी, लवूचा बाप, दारातच बसला होता, गॅलरीकडे पाठ करून, खोलीत तोंड करून. त्यानं ऐकलं असेल किंवा नसेल. मिलमध्ये तो विणकर होता. संप सुरू झाला तेव्हा त्यानं खात्यातल्या खुंटीवरचे कामाचे कपडे घरी आणले, खाकी अर्ध्या चड्ड्या आणि जाड सदरे. धुऊन ट्रंकेत ठेवले. संप कधी संपला, हे पुढे कुणालाच नीट सांगता आलं नसतं. काहींना परत बोलावलं, बऱ्याच जणांना नाही. गुणाजी दर रविवारी दुपारी ट्रंक उघडायचा. तांब्यात निखारे घालून सगळ्या कपड्यांना इस्त्री करायचा, घड्या घालून परत ठेवायचा. 'बोलावणा इला तर कपडे होये,' असं तो पहिल्या वर्षी म्हणाला होता. नंतर काही म्हणायचं थांबला, पण इस्त्री थांबली नाही. मिलच्या दुकानात सवलतीत घेतलेलं चड्डीचं नवं कापडही त्या ट्रंकेत होतं, बोलावणं आल्यावर शिवायला.

सुगंधानं मुसळानं चिंध्या कुटून कुटून भरल्या. लवूनं बॅग गॅलरीच्या तुळईला टांगली, अंगठा रुतवून पाहिला, आणि खड्डा हळूहळू भरून येताना बघत राहिला.

"झकास," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून चाळ ठोशांच्या आवाजानं उठू लागली. पहिले काही दिवस मुलं भोवती उभी राहून बघायची. गुणाजीही आता उजाडल्यावर गॅलरीच्या पायरीवर येऊन बसायचा, बॅगेकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत.

*

एका सकाळी जानकी आजी एक हात कमरेवर ठेवून जिना उतरली.

"गो सुगंधा, माझी पाठ धरली."

"कित्याक? काय उचललात?"

"उचलतंय काय? तो रोज सकाळी उठान माझ्या लुगड्याक बडवता. पाठ धरतली नाय तर काय!"

लवू हातावरची पट्टी सोडत होता. त्याला हसू आवरेना. "आजी, तू तेच लुगडं धुताना दगडावर आपटायचीस ना? तेव्हा नाही दुखली पाठ?"

"ता मी आपटतंय. माझा लुगडा मी आपटीन, नायतर फाडीन. तू कोण रे मेल्या?"

लवूनं पट्टी बाजूला ठेवली. बॅग उतरवली, सगळी रिकामी केली. लुगडं बरोबर तळाशी निघालं. आजी ते काखेत घेऊन वर गेली, आणि संध्याकाळी पाठ मोकळी झाल्याचं तिनं खिडकीतून सगळ्या चाळीला सांगितलं.

तिथून सुरुवात झाली. रत्नप्रभा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. ती ऑफिसला निघताना दाराशी रेंगाळली.

"काकू, मी मानत नाही हं असलं काही."

"मग?"

"मग काय! चिंटूची झबली तेवढी द्या ना काढून. रात्रभर खोकलाय. सासूबाई एकदा माझ्याकडे बघतात, एकदा त्या बॅगेकडे बघतात. बोलत काही नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं."

नानांना गुडघ्याचा त्रास जुनाच होता. पण एका दुपारी गॅलरीत कुणी नसताना त्यांनी बॅगेची दोरी सोडली आणि आपला लेंगा शोधून नेला. तो त्यांचा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो मुकाट्यानं परत आणून टाकला आणि स्वतःचा नेला.

सुगंधाला कुणाचाच राग आला नाही. अंगाला लागलेला कपडा दुसऱ्याच्या हाती द्यावा की नाही, याचा विचार आपण आधीच करायला हवा होता, असं तिला वाटलं. गावाकडे तिच्या आईनं कधी दिला नसता. ती दर वेळी बॅग रिकामी करायची, ज्याचं त्याला द्यायची, उरलेलं परत कुटून भरायची. बॅग खाली खाली बसत गेली. वरचा निम्मा भाग रिकाम्या पिशवीसारखा लोंबू लागला. सुगंधानं आपली दोन जुनी लुगडी कात्रीनं कापून घातली. मग तिसरंही घातलं, जे अजून नेसता आलं असतं. लवूनं आपले शाळेतले शर्ट घातले. तरी भरेना. गोणपाट भरून पाहिलं, तर त्याचे गोळे झाले. एका जागी हात धसायचा, दुसऱ्या जागी आदळायचा.

चाचणी जवळ येत चालली होती. शिवदास एका संध्याकाळी मुद्दाम वाट वाकडी करून आला. त्यानं बॅगेवर हात फिरवला.

"काय झालं हिला?"

लवूनं सांगितलं. शिवदास हसेल असं त्याला वाटलं होतं. तो थोडा हसलाही, मग म्हणाला, "लोकांना हसू नकोस. कपडा ज्याच्या अंगावर असतो, त्याच्यासारखा व्हायला लागतो. त्यांना वाटणारच." मग लवूचा हात धरून त्यानं मुठीचे सांधे पाहिले. "पण ह्या बॅगेवर मारू नको. हात कसा पडला ते हाताला कळत नाही. उलटी सवय लागेल, आणि ती मोडायला आता वेळ नाही. रविवारी हॉलवर ये, तोवर नुसती हवेत प्रॅक्टिस कर."

"रविवारी किती वेळ मिळतो सर?"

शिवदासनं त्याचा हात सोडला. ते त्यालाही ठाऊक होतं.

*

शनिवारी लवू कामावरून आला तो खांद्यावर सिमेंटची जुनी गोणी घेऊन. पण ती रिकामी नव्हती. त्यानं ती गॅलरीत टेकवली तेव्हा तिच्या शिवणीतून बारीक वाळू सांडली.

"ह्या काय?" सुगंधानं विचारलं.

"काय म्हणजे? दिसत नाही?"

"सर काय म्हणाले ता ऐकलंस ना?"

"ऐकलं. मग काय करू, हवेत मारू?" त्याचा आवाज चढला. "खाली चिंध्या, वर वाळू. बघू काय होतं ते. मनगट गेलं तर गेलं. तसं पण प्रेसवर कधीतरी बोटं जाणारच आहेत."

बोलून झाल्यावर त्याला स्वतःलाच कसंतरी झालं. तो बॅग उतरवायला तुळईखाली गेला. सुगंधानं वाळूच्या गोणीच्या तोंडावर पाय ठेवला, आणि तशीच उभी राहिली.

गुणाजी पायरीवर होता. तो उठला आणि दोघांच्या मधून खोलीत गेला. आत ट्रंकेची कडी वाजली.

आज शनिवार, सुगंधाच्या मनात आलं. इस्त्रीचा दिवस उद्या.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर घड्यांचा गठ्ठा होता, हनुवटीनं दाबून धरलेला. गॅलरीत मांडी घालून त्यानं तो समोर ठेवला. वरचा सदरा उचलला, दाढीच्या पात्यानं पहिलं बटण उसवलं आणि सुगंधापुढे धरलं.

ती जागची हलली नाही.

"धर," तो म्हणाला. "बटणा हाताक लागतत."

तिनं पाय काढला आणि तळवा पुढे केला. एकेक बटण तिच्या तळव्यात पडत गेलं. लवू तुळईखालून म्हणाला, "बाबा, हे नको. बोलावणं..."

"इस्त्री मोडतली म्हणान नको सांगतस?" गुणाजी म्हणाला. तो किंचित हसला होता की काय, ते खाली वाकल्यामुळे दिसलं नाही.

बटणं झाल्यावर त्यानं सदऱ्याच्या कडेला पात्यानं एक चीर दिली आणि दोन्ही हातांनी ओढली. कापड एकाच धाग्याच्या रेषेत, आवाज करत, सरळ फाटलं. सुगंधानं कात्रीनं कापलेल्या आपल्या लुगड्यांच्या चिंध्या वेड्यावाकड्या होत्या. ह्या पट्ट्या जणू मोजून काढल्यासारख्या होत्या. एक सदरा, दुसरा सदरा, मग चड्ड्या. शेवटी नवं कापड राहिलं, अजून न शिवलेलं. त्यानं ते मांडीवर पसरलं, सवयीनं कडेवरचं विणकाम बोटांनी चाचपलं, आणि तेही फाडलं.

मुसळ त्यानं सुगंधाला घेऊ दिलं नाही. गोणपाट काढून टाकलं, तिची लुगडी तळाशी घातली आणि वरून आपल्या पट्ट्यांचा एकेक थर भरत, कुटत गेला. जिन्यावरून जानकी आजी बघत होती.

"गुणाजी, कोणाचे रे हे कपडे?"

"कोणाचे नाय," तो म्हणाला. "जुने आसत."

बॅग तोंडापर्यंत भरली. लवूनं ती टांगली. अंगठा रुतवायला मात्र तो पुढे झाला नाही, तेव्हा गुणाजीनंच दाबून पाहिलं. खड्डा हळूहळू भरून आला. वाळूची गोणी लवूनं उचलली आणि कुणी न सांगता रस्त्याकडेला नेऊन ओतली.

*

रविवारी उजाडताना सुगंधा चुलीपाशी होती. बाहेर लवूनं हातांना पट्ट्या बांधल्याचा, मग पाय सरकवल्याचा आवाज तिला आला. मग बॅगेवर एक ठोसा पडला, अगदी हलका, दार वाजवल्यासारखा. थोडं थांबून दुसरा. तोही तसाच.

ती हात पुसत दाराशी आली.

लवू बॅगेसमोर उभा होता. हात वर होते, पण खांदे पडले होते. कॅनव्हासच्या तोंडाशी दोरी आवळली होती, तिथून खाकी कापडाची एक कड बाहेर आली होती. लवूची नजर त्या खाकी कडेवर होती. पायरीवर गुणाजी बसला होता, रोजच्यासारखा, बॅगेकडे पाठ करून.

लवूनं आणखी एक मारला. बॅग जेमतेम हलली.

वर जानकी आजीची खिडकी उघडी होती. रत्नप्रभाच्या दाराचा पडदा थोडा बाजूला झाला होता. सुगंधाला वाटलं, आत जावं. पण ती उभी राहिली.

गुणाजीनं मान वळवली नाही. समोर रस्त्यावर दूधवाल्याची सायकल चालली होती, तिच्याकडे बघतच तो म्हणाला,

"माका लागणा नाय रे. मार."

लवूनं एक पाय मागे घेतला. श्वास घेतला. डोळे उघडे ठेवले.

दणक्यासरशी तुळई कुरकुरली. वरची जुनी धूळ गुणाजीच्या खांद्यावर येऊन पडली. त्यानं ती एका हातानं झटकली, पाठ सरळ केली, आणि पुढच्याची वाट बघत बसला.